स्पॉटिंग स्कोपवरचा वायरलेस कॅमेरा: भोक दिसण्याचं गणित

प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून नेम धरणाऱ्या नेमबाजाने दर गोळीनंतर मान वळवून स्पॉटिंग स्कोपला, म्हणजे टार्गेटवरची भोकं पाहायच्या दुर्बिणीला, डोळा लावला, की गालाची जागा सुटते, कोपर सरकतं आणि पुढच्या गोळीसाठी पोझिशन नव्याने बांधावी लागते. स्कोपच्या आयपीसवर (डोळा लावायच्या भिंगावर) कॅमेरा बसवून चित्र शेजारच्या मोबाइलवर किंवा टॅबवर आणायचं ते यासाठी. डोकं न हलवता नजर टाकली की काम होतं, आणि मागे उभ्या असलेल्या कोचलाही तेच दिसतं. मात्र काच जे दाखवत नाही, ते कॅमेऱ्यालाही दिसत नाही. कॅमेऱ्याच्या नावाने होणाऱ्या बहुतेक तक्रारींचं मूळ फोकस, उजेड किंवा ट्रायपॉडमध्ये असतं.

वायरलेस या शब्दाने एक गैरसमज होतो. इथे वाय-फायला टार्गेटपर्यंतचं अंतर कापायचं नसतं. ते स्कोपपासून मोबाइलपर्यंत, म्हणजे हात-दोन हात चालतं. टार्गेटजवळ ठेवायचे कॅमेरे ही वेगळी वस्तू. लांब पल्ल्यावर बारीक कॅलिबरची (कमी व्यासाच्या गोळीची) भोकं पाहायची असतील, तर माझ्या मते तेच घ्यावेत.

आता भोकाचं गणित. पॉइंट २२ ची गोळी ५.६ मिमीची. २० पट मोठेपणावर साधारण स्कोपला १००० मीटरवर ३५ ते ४० मीटर रुंदीचा भाग दिसतो, म्हणजे १०० मीटरवर साडेतीन ते चार मीटर. तो सगळा १९२० पिक्सेलमध्ये बसवला, तर एका पिक्सेलला जवळपास २ मिमी येतात आणि भोक जेमतेम तीन पिक्सेलचं होतं. चित्र पाठवताना होणाऱ्या कॉम्प्रेशनमध्ये एवढा ठिपका सहज पुसला जातो. ४० पटीवर तेच भोक पाच-सहा पिक्सेलचं होतं आणि ओळखू येतं. ॲपमधला डिजिटल झूम यात काहीच भर घालत नाही, आहेत तेच पिक्सेल फुगवतो. मोठेपणा वाढवायचा तो आयपीसवर.

पण तोही फुकट मिळत नाही. ८० मिमीच्या स्कोपमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा झोत २० पटीवर ४ मिमी जाड असतो, ६० पटीवर फक्त १.३ मिमी. चित्राचा उजेड नऊपट घटतो, सेन्सर तो ओढून-ताणून वाढवतो आणि पडद्यावर दाणे उठतात. त्यातच ऊन तापल्यावर हवा थरथरायला लागते, आणि मोठेपणा जितका जास्त तितकी ती थरथरही मोठी दिसते. म्हणून सकाळी ४० आणि दुपारी २५-३० हा हिशेब सोयीचा पडतो. दुपारी भोक शोधताना एका फोटोवर विसंबू नका. पाच-दहा सेकंद व्हिडिओ पाहा. मध्येच एखादा क्षण चित्र स्थिर होतं आणि भोक दिसून जातं.

आपल्या संचाला काय झेपतं हे गोळी न झाडताही तपासता येतं. ऑफिसातल्या पंचिंग मशीनचं भोक ६ मिमीचं असतं. काळ्या कागदाला तशी चार-पाच भोकं पाडून तो कागद टार्गेटच्या चौकटीवर लावा. ती स्पष्ट दिसली नाहीत, तर पॉइंट २२ चं भोक दिसणारच नाही, कारण गोळी गेल्यावर कागदाचे तंतू पुन्हा आत येतात आणि भोक गोळीपेक्षा थोडं लहानच दिसतं. काळ्या गोलातली भोकं हरवतात ती बहुधा मागचा बोर्डही गडद असल्यामुळे. मागे पांढरा कागद लावला की फरक लगेच कळतो. ऑटो एक्स्पोजर पांढऱ्या भागाकडे पाहून चित्र अंधारं करतं, तेव्हा पडद्यावर काळ्या गोलावर बोट टेकवून एक्स्पोजर तिथे लॉक करा. पांढरा भाग फिका पडला तरी चालेल.

बसवताना आयपीसचा रबरी कप पूर्ण खाली करा आणि आयपीसच्या बाहेरच्या व्यासाला बसेल अशी कॅमेरा जोडायची रिंग निवडा. कडेने काळं वर्तुळ आलं, तर कॅमेऱ्याचं आयपीसपासूनचं अंतर चुकलंय. एकाच बाजूला चंद्रकोरीसारखी सावली आली, तर कॅमेरा मधोमध नाही. फोकस डोळ्याने करून मग कॅमेरा चढवला, तर चित्र बहुतेकदा धूसर येतं. तो पडद्याकडे पाहूनच करायचा, आणि मोठेपणा बदलला की पुन्हा तपासायचा.

आता सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट: चित्राची उभी रेघ. कॅमेरा १० अंश तिरका बसला असेल, तर १०० मिमी वर लागलेली गोळी पडद्यावर १७ मिमी बाजूलाही दिसते. रायफलच्या साइटची पाव मिनिटाची (इथे मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) एक क्लिक १०० मीटरवर सुमारे ७ मिमीची, म्हणजे दोनहून जास्त क्लिक चुकीच्या दिशेने फिरतात. टार्गेटच्या चौकटीची उभी कड पडद्याच्या कडेला समांतर येईपर्यंत कॅमेरा फिरवा, मगच स्क्रू आवळा. नंतर कॉलर (स्कोपला धरून ठेवणारं कडं) सैल करून स्कोप वळवलात, तर चित्रही तेवढंच कलतं आणि हे पुन्हा करावं लागतं.

कॅमेऱ्याच्या वजनाने स्कोप मागे झुकतो, तेव्हा त्याला ट्रायपॉडच्या प्लेटवर थोडा पुढे सरकवून तोल साधा. ट्रायपॉड बेंचवर ठेवू नका, जमिनीवर ठेवा. बेंचला बसलेला प्रत्येक धक्का चित्रात उतरतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, त्याला पिशवी अडकवा.

जोडणी सतत तुटत असेल, तर आधी मोबाइल तपासा. कॅमेऱ्याच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, त्यामुळे फोन आपणहून मोबाइल डेटाकडे वळतो. डेटा बंद ठेवा आणि नेटवर्क आपोआप बदलण्याची सोयही बंद करा. शेजारी बरेच कॅमेरे चालू असतील आणि आपल्या कॅमेऱ्यात सोय असेल, तर ५ गिगाहर्ट्झवर जा. उन्हात ठेवलेला फोन तापून पडदा मंद करतो, तेव्हा त्याला पुठ्ठ्याचं छत करा. थंडीत कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते. पॉवर बँक जोडलीत तर तिची वायर ट्रायपॉडच्या पायाला बांधा, कारण लोंबती वायर वाऱ्यावर हलली की चित्रही हलतं.

दर गोळीनंतर एक फोटो काढायची सवय लावा. एकमेकांत मिसळलेल्या भोकांतलं नवं कोणतं, हे मागचा आणि पुढचा फोटो आलटून-पालटून पाहिल्यावरच कळतं. त्यासाठी दोन्ही फोटोंमध्ये चौकट अगदी एकाच जागी हवी, म्हणून एकदा सीरिज (सलग झाडायच्या गोळ्यांचा संच) सुरू झाली की स्कोपला हात लावू नका.