२००६ मस्टँग जीटी: प्लग निघाले, एअरबॅग अडकली

गाडी अजून रस्त्यावर आलेली नाही, हे आधीच सांगून टाकतो. आवाज कधी ऐकवतोस म्हणून मागे लागलेले बरेच जण आहेत, त्यांना थोडी कळ काढावी लागेल. इंजिन आता झकास चालतंय. घोडं अडलंय ते स्टीअरिंगच्या मधोमध.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी गाडीची कुंडली थोडक्यात. २००६ ची फोर्ड मस्टँग जीटी, एस-१९७ पिढी. ४.६ लिटरचा थ्री-व्हॉल्व्ह व्ही-८ (आठ सिलिंडर, प्रत्येकाला तीन व्हॉल्व्ह), ३०० हॉर्सपॉवर, पाच गिअरचा मॅन्युअल. जन्म मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकचा, आयुष्य बहुतेक सगळं फ्लोरिडातलं, आणि आता मुक्काम न्यू जर्सीत माझ्याकडे. ओडोमीटर लाख मैलांच्या आसपास. आधीच्या मालकाने गाडी पळवली भरपूर, पण कागद मात्र नीट जपून ठेवले होते. ग्लोव्ह बॉक्समध्ये पावत्यांचा गठ्ठाच मिळाला. त्या गठ्ठ्याचं पुढे काम पडलं, ते सांगतोच.

आधी प्लग. हे इंजिन ज्यांच्याकडे आहे त्यांना शीर्षकातच घाम फुटला असेल. थ्री-व्हॉल्व्हचे मूळ स्पार्क प्लग दोन तुकडे जोडून केलेले. खालची लांब नळी हेडच्या, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाच्या, आत खोलवर बसते आणि तिच्याभोवती वर्षानुवर्षं कार्बन धरतो. जोर लावून फिरवलं की वरचा षटकोनी भाग हातात येतो आणि नळी आत तशीच. माझ्या गाडीत प्लग बदलल्याची एकही पावती नव्हती, म्हणजे बहुधा कारखान्यातूनच आलेले.

यावर फोर्डचं ०८-७-६ क्रमांकाचं टेक्निकल बुलेटिन, म्हणजे मेकॅनिकांसाठीचं सूचनापत्र, आहे आणि ते शब्दशः पाळावं असं माझं मत आहे. इंजिन पूर्ण थंड. प्लग फक्त आठवा हिस्सा ते पाव फेरा सैल करायचा, त्याहून जास्त नाही. मग प्लगच्या विहिरीत अर्धा-पाऊण चमचा कार्बोरेटर क्लीनर ओतायचा आणि निदान पंधरा मिनिटं थांबायचं. त्यानंतर घट्ट, सैल, घट्ट, सैल असं हळूहळू, जोर साधारण ३३ पाउंड-फूटच्या घरात ठेवून. गरम इंजिनवर प्लग सहज निघतात असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ भेटतात. असतील त्यांचे निघाले. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडचे आटे खराब झाले तर निस्तरायला ते येत नाहीत. मी कागदाच्या बाजूने.

पहिला सैल करताना जो कर्रर्र आवाज येतो तो ऐकून पोटात गोळा येतो. पाना थांबवायचा, परत थोडा आत फिरवायचा, आणखी थेंबभर क्लीनर, आणि पुन्हा. मोबाईल खिशात, रेडिओ बंद. कारण हाताला कळायच्या आधी कानाला कळतं. कार्बन सुटतोय तोवर आवाज खरखरीत असतो, मोकळा झाला की एकदम गप्प. पुढचे बिनबोभाट निघाले. ड्रायव्हरच्या बाजूचा अगदी मागचा, म्हणजे आठ नंबर, फायरवॉलला चिकटून असल्याने तिथे पाना सरळ बसतच नाही. तोच तुटला. वर आली ती नुसती डोकी आणि चिनीमातीचा दांडा.

त्यासाठी लाईल कंपनीचं ६५६०० नंबरचं हत्यार आधीच आणून ठेवलं होतं. तुटलेली चिनीमाती त्याने खाली सरकवायची, नळीच्या आतून आटे पाडायचे, मग ओढण्याचा दांडा बसवून नट फिरवत नळी वर काढायची. आटे पाडताना टॅपला भरपूर ग्रीस लावा, म्हणजे बुरादा त्यालाच चिकटून बाहेर येतो. नळी निघाली तेव्हा तिच्याभोवती डांबरासारखा काळा थर होता, नखाने खरवडला तरी निघेना. पिस्टन खाली नेऊन व्हॅक्यूमला बारीक नळी जोडून सिलिंडर साफ केला, बोअरस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालून भिंती पाहिल्या. ओरखडा नाही. नवीन प्लग एकसंध बनावटीचे घातले, खालच्या नळीवर निकेलवालं अँटी-सीझ (प्लग पुन्हा जाम होऊ नये म्हणून लावायचा लेप) पातळ फासून, २५ पाउंड-फूटने आवळले.

बाकीची कामं झटपट. तेल ५डब्ल्यू-२०च घातलं. या इंजिनातले कॅम फेझर, म्हणजे व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ मागेपुढे करणारे भाग, तेलाच्या दाबावर चालतात, तिथे जाड तेल ओतून टिकटिक दडपण्याचा उद्योग करू नये. पॅसेंजरच्या पायाखालचा गालिचा ओला होता, तेही निघालं सरळच. पुढच्या काचेखालच्या खोबणीत (काऊल) पानांचा लगदा, ड्रेन तुंबलेले, पाणी सरळ आत. २००५ ते २००९ वाल्यांनी हे आवर्जून बघा, कारण त्याच कोपऱ्यात, पॅसेंजरच्या पायाशी, स्मार्ट जंक्शन बॉक्स, म्हणजे गाडीची वीज सांभाळणारा डबा, बसवलेला आहे. तो भिजला की काच, दिवे, हॉर्न, वाट्टेल ते भुतासारखं वागायला लागतं. माझा कोरडा होता.

आता मुख्य विषय.

गाडी घेण्याआधी मी एनएचटीएसए या अमेरिकी सरकारी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर तिचा १७ अंकी-अक्षरी व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टाकून पाहिला होता. सुरुवातीला १झेडव्ही म्हणजे फ्लॅट रॉकचा कारखाना, आठव्या जागी एच म्हणजे ४.६ चा व्ही-८, दहाव्या जागी ६ म्हणजे मॉडेल वर्ष २००६. सगळं जुळलं. उत्तर आलं: एकही रिकॉल, म्हणजे दोषामुळे कंपनीने परत बोलावून करायचं काम, बाकी नाही. ताकाता या जपानी कंपनीच्या एअरबॅगचा रिकॉल २००५ ते २०१४ च्या सगळ्या मस्टँगना लागला होता, आणि या गाडीचं ते काम झाल्याची पावतीही गठ्ठ्यात होती. इथवर आनंदीआनंद.

मग एका रविवारी आतली सफाई करताना दारं सताड उघडी होती आणि ऊन थेट डॅशबोर्डवर पडलं होतं. डॅशबोर्डचा काळा आणि स्टीअरिंगवरच्या हॉर्न पॅडचा काळा यांत फरक दिसला. सावलीत कळला नसता. मग नजर तिथेच अडकली. गिअर नॉब घासून गुळगुळीत, ड्रायव्हरच्या सीटची कड फाटायला आलेली, आणि स्टीअरिंगचं कातडं मात्र कोवळं. लाख मैल ज्या हातांनी गाडी चालवली त्यांनी स्टीअरिंग धरलंच नाही की काय? मागच्या बाजूला हात फिरवला तर प्लॅस्टिकवर हत्याराचे ओरखडे. गठ्ठा पुन्हा उपसला. तळाशी एका जंकयार्डची पावती: जुनं स्टीअरिंग, एअरबॅगसह. तारीख रिकॉलच्या कामानंतरची.

म्हणजे कंपनीने बदलून दिलेली चांगली एअरबॅग कुठेतरी गेली, आणि तिच्या जागी कुठल्या तरी मोडीत निघालेल्या मस्टँगची आली. त्या मोडीतल्या गाडीचं रिकॉलचं काम झालं होतं का? देव जाणे. रिकॉलची नोंद व्हीआयएनवर होते. सुटा भाग एका गाडीतून काढून दुसरीत बसवला की तो यादीतून गायब होतो. साध्या घरगुती सेडानमध्ये हे क्वचित घडेल. आपल्या जातीच्या गाड्या मात्र ठोकल्या जातात, सॅल्व्हेजमधून, म्हणजे मोडीतून, परत उभ्या राहतात, हौसेने स्टीअरिंग-सीटा बदलल्या जातात, चार-पाच हात फिरतात. त्यामुळे संकेतस्थळाचं हिरवं उत्तर आपल्यासाठी अर्धंच उत्तर आहे.

भीती कशाची, ते नवीन मंडळींसाठी. ताकाताच्या इन्फ्लेटरमध्ये, म्हणजे एअरबॅगची पिशवी फुगवणाऱ्या डब्यात, अमोनियम नायट्रेट वापरलं होतं. कोकणात पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं, तशी ओल त्याला धरते. त्यात रोजची गरमी आणि रात्रीचा गारवा वर्षानुवर्षं चालू राहिला की दाबून केलेल्या गोळ्या भुसभुशीत होतात. मग अपघातात ते पदार्थ जळतात ते ठरल्यापेक्षा फार वेगाने, दाब डब्याला सोसत नाही, आणि पोलादी डबाच फुटून त्याचे तुकडे पिशवी फाडून माणसाच्या मानेत-छातीत घुसतात. किरकोळ धडकेतही. एकट्या अमेरिकेत सुमारे ६ कोटी ७० लाख इन्फ्लेटर परत बोलावले गेले, देशाच्या इतिहासातला हा सगळ्यात मोठा रिकॉल. ताकाताने जून २०१७ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. आणि फ्लोरिडासारखी उष्ण-दमट राज्यं धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होती. गाडी आज बर्फात उभी आहे म्हणून तिने तिकडे काढलेली वर्षं पुसली जात नाहीत.

हे जुनं प्रकरण म्हणून सोडून देणाऱ्यांसाठी दोन दाखले. जानेवारी २०१८ मध्ये २००६ च्या सुमारे २,९०० फोर्ड रेंजरच्या मालकांना गाडी चालवूच नका असं सांगण्यात आलं. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये तीच वेळ आपल्या मसल कारवाल्यांवर आली: २००५ ते २०१० च्या डॉज चार्जर, चॅलेंजर, मॅग्नम आणि क्रायस्लर ३०० मिळून सुमारे २ लाख ७६ हजार गाड्या, ज्यांचं काम बाकी होतं. पत्रं येऊन वर्षं लोटली होती, पण गाडी विकली गेली की पत्र जुन्याच पत्त्यावर जातं. माझ्या एका कोल्हापूरकर मित्राकडे २००९ चा चार्जर आहे, त्याला त्याच रात्री फोन करून व्हीआयएन बघायला लावला होता. त्याचं काम झालेलं निघालं. शिव्या मात्र मी खाल्ल्या, झोपेतून उठवल्याबद्दल.

कायद्याची बाजूही लंगडीच आहे. इथे रिकॉल बाकी असलेली नवी गाडी डीलरला विकता येत नाही. मोठ्या भाड्याच्या कंपन्यांना जून २०१६ पासून तशी गाडी भाड्याने देता येत नाही. वापरलेली गाडी विकणाऱ्याला मात्र केंद्रीय कायद्याची अशी आडकाठी नाही. तेव्हा डोळे उघडे ठेवायचे ते घेणाऱ्यानेच.

गाडी ट्रेलरवर घालून जवळच्या सर्व्हिस सेंटरला नेली. चालवत नेली नाही. काउंटरवरच्या माणसाने कॉम्प्युटर पाहून सांगितलं, काम झालंय, तुमचं इथे काही नाही. जंकयार्डची पावती पुढे केली तेव्हा तो जरा सरळ बसला. आतून एक वयस्कर मेकॅनिक आला, त्याला काय म्हणतोय ते लगेच कळलं. बॅटरी सोडून, थांबून, रीतसर एअरबॅगचं मॉड्यूल उतरवून त्याने मागचं लेबल पाहिलं. सिरियल नंबर गाडीच्या नोंदीतल्याशी जुळत नाही. फोटो काढले, चौकशी वर पाठवली. रिकॉलचा भाग मागवायचा तर व्हीआयएनवर, आणि या व्हीआयएनवर तो एकदा देऊन झालाय, असा पेच आहे. उत्तर अजून आलेलं नाही.

यावर मिळालेले सल्ले आणि माझी उत्तरं. एअरबॅग काढून टाक, रेसिंगचं स्टीअरिंग लाव: ट्रॅकवर हार्नेस आणि रोल बार असतो, माझी गाडी घरच्यांना घेऊन महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमाला जाणार आहे. ऑनलाइन स्वस्तात मॉड्यूल मिळतं: जुलै २०२४ मध्ये एनएचटीएसएने अशाच स्वस्त, निकृष्ट बदली इन्फ्लेटरबद्दल इशारा दिला, आधीच्या नऊ महिन्यांत तिघांचा जीव गेल्यानंतर. स्वतःच उघडून बघ: ज्या गोष्टीत स्फोटक आहे ती मी मांडीवर घेऊन बसणार नाही. प्लगचा तुकडा आत राहिला तर हेड उतरवता येतं. वरून रिकॉलला नकार आला तर अधिकृत डीलरकडून नवं मॉड्यूल खिशातून पैसे घालून घ्यायचं, हे मी ठरवून टाकलंय. चटका बसेल, पण क्लच पुढच्या वर्षावर ढकलता येतो.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना मस्टँग नसली तरी हे लागू आहे. ताकाताचे इन्फ्लेटर भारतातल्या जुन्या होंडांतही होते आणि तिथेही रिकॉल झाले. भावाची जुनी सिटी असेल तर कंपनीच्या साइटवर चासिस नंबर टाकून बघा. अपघातानंतर एअरबॅग कुठल्या गॅरेजने, कुठून आणून बसवली, तेही विचारा. सक्तीच्या रिकॉलची तरतूद तिकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्याने आली आणि १ एप्रिल २०२१ पासून लागू झाली.

तोवर गाडी गॅरेजमध्ये, बॅटरीला मेंटेनर लावून. मागच्या अ‍ॅक्सलला बाजूला सरकू न देणाऱ्या पॅनहार्ड रॉडचे नवे बुश आले आहेत, ते या आठवड्यात बदलतो. वळणावर मागचं बूड जे हलकं सरकतं ते त्याचंच असावं. कुणाच्या गाडीत रिकॉलनंतर स्टीअरिंग बदललेलं निघालं असेल आणि कंपनीने व्हीआयएनचा पेच कसा सोडवला ते माहीत असेल, तर सविस्तर कळवा. सर्व्हिस सेंटरला दाखवायला उपयोगी पडेल.