गायमुखच्या चढावर काटा चढला

मे महिन्यातला रविवार. ठाण्याच्या पाचपाखाडीतून सकाळी सातला आईला घेऊन निघालो. वसईला मावशीला गाडीत घ्यायचं आणि शिरसाड फाट्यावरून वज्रेश्वरी गाठायची, असा बेत होता. घोडबंदर रस्त्याने कासारवडवलीपर्यंत काही त्रास नव्हता. गायमुखला मात्र कंटेनरची रांग लागली होती. पहिला गिअर, थांबा, पुन्हा पहिला गिअर, आणि एसी चालूच. वीसेक मिनिटांनी एसीची हवा कोमट झाली म्हणून डॅशबोर्डकडे पाहिलं, तर एरवी मध्यावर असणारा इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेजवळ पोचला होता.

एसी बंद केला, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर जोरात लावला. आईचा जीव कासावीस झाला, पण हीटरची जाळी म्हणजे एक छोटा रेडिएटरच (इंजिनाचं गरम पाणी हवेने गार करणारी जाळी) असतो, इंजिनाची थोडी उष्णता तिथून बाहेर जाते. कडेला जागा मिळताच गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. ज्यांच्या गाडीत काटा नाही, नुसता लाल दिवा आहे, त्यांनी तर तो लागताच थांबावं. तसंच रेटलं तर हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) जातं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

एक रिक्षावाले दादा मदतीला थांबले आणि ओल्या फडक्याने रेडिएटरची टोपी उघडायला निघाले. मी त्यांचा हातच धरला. पाणी आणि कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारा द्रव, यांचं निम्मं-निम्मं मिश्रण मोकळ्या हवेत साधारण १०७ अंशांना उकळतं, माझ्या गाडीच्या १.१ बार दाब धरणाऱ्या टोपीखाली ते १२५ च्या पुढेही द्रवच राहतं. टोपी सैल होताच दाब सुटतो आणि सगळं एकदम उसळून तोंडावर येतं. पाऊण तास थांबलो, वरचा होज पाइप हाताला गार लागला, मगच उघडली. कूलंटची टाकी रिकामी होती. त्याच दादांच्या रिक्षाने आईला घरी पाठवलं. गाडी स्वतः चालवत न आणता टोइंगवर चढवली. गळती कुठे आहे हे माहीत नसताना बाटलीभर पाण्यावर घाट चढणं मला पटलं नाही.

खरं तर गाडीने दोन आठवडे आधी सांगितलं होतं. पार्किंगमध्ये गोडसर वास यायचा आणि महिन्यात दोनदा मी टाकीत पाणी वाढवलं होतं. कूलंट बंद वाटेत फिरतं. पातळी सारखी उतरत असेल तर ते कुठून तरी जातंयच. आधी ती जागा शोधा, मग भरा. माझी चूक तिथेच झाली.

शोधायची सोपी रीत म्हणजे रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरणे. एसीचं पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं असतं. कूलंट हिरवं किंवा गुलाबी, बोटाला चिकट. पुढे डाग पडला तर रेडिएटर किंवा खालचा पाइप, बेल्टच्या बाजूला पडला तर वॉटर पंप, ज्याला गॅरेजात वॉटर बॉडी म्हणतात. आतला पायपुसणा ओला आणि काचेवर चिकट धुकं असेल तर हीटरची जाळी. बाहेर थेंबही नाही, पण सायलेन्सरमधून गोड वासाचा पांढरा धूर किंवा ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली, तर कूलंट इंजिनाच्या आत जातंय, गाडी चालवूच नका. सांडलेलं कूलंट लगेच धुवा. गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात आणि ते विषारी असतं.

पहिल्या गॅरेजात हळद टाकून भागवू म्हणाले. हळदीने किंवा गळती बंद करणाऱ्या पावडरने भोक बुजतं कधीकधी, पण तोच गाळ हीटरच्या बारीक नळ्यांतही बसतो. मी नको म्हटलं. दुसऱ्या मेकॅनिकने टाकीच्या तोंडावर प्रेशर टेस्टर लावून १.१ बारपर्यंत पंप मारला. पाच मिनिटांत टेस्टरचा काटा उतरू लागला. टॉर्च घेऊन पाहिलं तर ॲल्युमिनियमची जाळी आणि प्लास्टिकची बाजूची टाकी जिथे जोडलेली असते, त्या सांध्यावर बारीक चीर होती, फॅनच्या आवरणामागे. दहा वर्षं तापून-गार होऊन प्लास्टिक ठिसूळ झालेलं. तिथे इपॉक्सीचा चिकट लेप लावून फार दिवस निघत नाहीत, म्हणून रेडिएटरच बदलला. खालचा पाइपही दाबल्यावर मऊ लागत होता, तो, क्लिपा आणि टोपी सोबतच बदलली.

भरताना नळाचं पाणी घेऊ नका, क्षार साठतात. डिस्टिल्ड वॉटर किंवा तयार मिसळलेलं कूलंट वापरा, आणि जुन्यात वेगळ्या जातीचं ओतू नका. त्यानंतर हीटर चालू ठेवून, फॅन दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवून पाइपांत अडकलेली हवा काढायला लावा. हे बरेच जण घाईत टाळतात आणि आठवड्याने गाडी पुन्हा तापते. मी तिथेच उभा राहून करून घेतलं.

तीन रात्री पुठ्ठा कोरडा राहिला. पुढच्या रविवारी साडेपाचलाच निघालो, गायमुखला रांग लागायच्या आत. डिकीत पाच लिटर पाणी, एक लिटर कूलंट आणि जाड फडकं होतं. मावशी ठरल्या जागी उभी होती, आणि नऊच्या आधी दोघी बहिणी वज्रेश्वरीजवळच्या अकलोलीच्या गरम कुंडात पाय सोडून बसल्या होत्या.