डिझायनरची यादी आणि येवल्याचा माग

फॅशनची आवड असलेल्या प्रत्येकीच्या फोनमध्ये एक यादी असते. माझ्या यादीत सब्यसाची होते, रॉ मँगो, गौरांग शाह, अनाविला, रितू कुमार, राहुल मिश्रा, वैशाली शडांगुळे अशी आणखी बरीच नावं होती. नुसत्या नावांच्या यादीचं पुढे काही होत नाही, ती वाढत जाते एवढंच. म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखले: कापड, कट आणि हातकाम. आपल्याला त्या कपड्यातलं नेमकं काय आवडलंय, ते त्या-त्या रकान्यात लिहायचं.

रकाने भरताना बरंच काही उलगडतं. संजय गर्ग यांनी 2008 मध्ये चंदेरी साड्यांपासून रॉ मँगो सुरू केलं. त्यांच्या साडीत मला आवडतो तो मोकळा रंग आणि त्यावरची तुरळक बुट्टी, म्हणजे सगळं कापडातच आलं. अनाविलाची लिननची साडी, तीही कापडच. गौरांग शाह यांचं तर सगळं काम मागावरचं, जामदानी आणि पैठणी. वैशाली शडांगुळे 2021 मध्ये पॅरिसच्या ओत कुतूर (मापाप्रमाणे हाताने शिवलेल्या उंची कपड्यांच्या) सप्ताहात गेल्या त्या हातमागाचंच कापड घेऊन, पण त्यांचा खरा जीव कापडाला दिलेल्या आकारात आहे. तो 'कट'च्या रकान्यात गेला. राहुल मिश्रांचं भरतकाम (2014 चा आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय) घरच्या टेलरकडे करून घेण्याची गोष्टच नाही. त्याची नक्कल करवून घेणं मला पटतही नाही. ते नाव यादीत राहिलं, पैसे साठवायला.

ज्यांच्यापुढे फक्त 'कापड' भरलं गेलं, ती नावं मी वेगळी काढली. यादी निम्मी झाली. आणि कापडच हवं असेल, तेही थेट विणकराकडून, तर खानदेशासारखी सोयीची जागा नाही. धुळ्याहून खाली मालेगाव-मनमाडवरून पैठणीचं येवला, वर आग्रा रोडने महेश्वरी साड्यांचं महेश्वर. दोन्हीकडे सकाळी निघून रात्री घरी येता येतं.

पण मागावर जायच्या आधी एक दिवस मुंबईचा काढायचा. चांगलं काम हाताला कसं लागतं हे माहीत नसेल तर विणकराला काय सांगायचं तेच कळत नाही. जळगाव-भुसावळहून रात्रीच्या गाडीने पहाटे सीएसएमटी, तिथून हॉर्निमन सर्कल आणि काळा घोडा पायी फिरण्यातलं. सब्यसाचींचं मोठं दालन 2023 पासून हॉर्निमन सर्कलला आहे. 'आँसांबल' हे अनेक डिझायनरांचं देशातलं पहिलं दुकान 1987 मध्ये लायन गेटजवळ सुरू झालं. अशी दुकानं सहसा अकराच्या आधी उघडत नाहीत, त्यामुळे सकाळी नाश्ता निवांत करावा. आत दडपण घेऊ नये. बघायला पैसे पडत नाहीत. फोटो काढू देतीलच असं नाही, म्हणून वही जवळ हवी.

बघायचं ते उलट बाजूने. ब्लाउज आतून उलटा करून शिवणीत किती कापड सोडलंय ते पाहा. चांगल्या कामात दोन्ही बाजूंना इंच-सव्वा इंच दाब असतो, उद्या उसवून वाढवता येईल असा. अस्तर मऊ सुती आहे की घाम अडवणारं सिंथेटिक? घागरा हातात धरून वजन अजमावा. काठ कळीगणिक (घेराच्या प्रत्येक तुकड्यागणिक) जोडलाय की वरून लावलाय, तेही बघा. हा शेवटचा मुद्दा पुढे येवल्यात फार कामाला येतो.

येवल्याला धुळ्याहून गाडीने साधारण तीन तास लागतात. जळगावकरांनी रेल्वेने मनमाड गाठावं, तिथून येवला पंचवीसेक किलोमीटर. गावात शिरलं की आधी मोठमोठ्या शोरूम लागतात. तिथे घाई करू नका. ज्या दुकानाचे स्वतःचे माग आहेत तिथे 'माग बघायचा आहे' म्हणून सांगा. हातमागाची साडी विकणाऱ्याला माग दाखवायला अडचण नसते.

मागावर पदर चालू असेल तर पाच मिनिटं नुसतं उभं राहावं. ताण्याखाली, म्हणजे मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांखाली, नक्षीचा कागद आणि वर रंगीत रेशमाच्या छोट्या छोट्या कांड्या एका ओळीत लोंबत असतात. मोराच्या मानेचा निळा फक्त मानेपुरता जातो आणि परततो, परतताना शेजारच्या जरीच्या धाग्यात अडकतो. मग पिसाऱ्याचा हिरवा, मग चोचीचा लाल. एका ओळीत दहा-वीस वेळा हे होतं, तेव्हा कुठे फणी एकदा ठोकली जाते. दाट पदर असेल तर दिवसाकाठी एक-दोन इंचच पुढे सरकतो. रंग असा जागच्या जागी परतत असल्यामुळे खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटून पाहिला तरी तीच नक्षी स्वच्छ दिसते. उलट बाजूला मोकळे लांब धागे किंवा कापलेल्या धाग्यांची झालर दिसली तर ती साडी बहुधा यंत्रमागाची. ती वाईट असते असं नाही, पण तिची किंमत वेगळी असायला हवी.

लेबलांचा घोळ इथेच मिटवून घ्यावा. सिल्क मार्क सांगतो की रेशीम शुद्ध आहे, पण ते कुठल्या मागावर विणलंय याबद्दल तो काही बोलत नाही. हँडलूम मार्क सांगतो की कापड हातमागाचं आहे, ते रेशमाचं आहे की नाही हे तो सांगत नाही. यंत्रमागाच्या शुद्ध रेशमी साडीलाही सिल्क मार्क मिळतो, आणि तोच दाखवून 'हातमागाची' म्हणून विकली जाते. दोन्ही बघा. शंका असेल तर कडेचा एखादा धागा काढून जाळा. रेशीम केस जळाल्यासारखा वास देतं आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. जर खरी की टेस्टेड, ते सरळ विचारा. खरी जर चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा असलेली. टेस्टेडमध्ये तार तांब्याची असते, त्यामुळे घाम लागला की काळवंडते. नखाने खरवडल्यावर आतून पांढरं प्लॅस्टिक निघालं तर ती कुठलीच नव्हे.

आता ऑर्डर. यात सगळ्यात जास्त चुका रंगात होतात. फोनवरचा फोटो दाखवून 'अगदी हाच जांभळा' असं कधी सांगू नये. रंगवलेल्या रेशमाच्या लडी बाहेर उन्हात नेऊन बघाव्यात, ट्यूबलाइटखाली जांभळा आणि वांगी यांत फरक कळत नाही. आवडलेल्या लडीचे दोन तुकडे काढून एक त्यांच्या वहीला, एक आपल्या पावतीला स्टेपल करायचा. पुढचे सगळे वाद हा दोन इंचांचा धागा मिटवतो.

दुसरं म्हणजे मागावर आत्ता कुठल्या रंगाची ताणी चढलेली आहे ते विचारा. एका ताणीवर एकाहून जास्त साड्या निघतात, त्यामुळे आपल्या एकट्यासाठी नवा ताणा लावायचा तर वेळ आणि पैसे दोन्ही वाढतात. चालू ताणी लाल असेल आणि तुम्ही हिरवा बाणा (आडवा धागा) सांगितला तर धूपछाव रंग मिळेल, हलताना लाल झाक मारणारा. तो सुंदर दिसतो, पण 'पोपटी हिरवा' हवा असलेल्या बाईला तो मिळाला की ती रडते. एकरंगी हवं असेल तर ताणा आणि बाणा दोन्ही त्याच रंगाचे, असं पावतीवर लिहून घ्या.

पावतीवर आणखी काय हवं? एकूण लांबी आणि त्यात ब्लाउजपीस धरून की सोडून. सहावारीला साडी साडेपाच मीटर आणि ब्लाउजचे 80 ते 90 सेंटिमीटर धरतात. पन्हा (कापडाची रुंदी) किती इंच, पदर किती इंच, पदरावर कोणती नक्षी (बांगडी मोर, मुनिया म्हणजे पोपट, अजंठा कमळ, असावली), काठ नारळी की मुनियाचा, जर कोणती, अंगावर बुट्टी किती अंतराने. उंच बाईने पन्हा विचारल्याशिवाय पुढे जाऊच नये, 45 आणि 48 इंचांत नेसताना फार फरक पडतो. ब्लाउजपीस कोणत्या रंगाचा आणि त्याला काठ दोन्ही बाजूंना येणार का, हे न बोलता राहिलं तर विणकर त्याच्या सोयीने करतो. त्यात त्याची चूक नाही.

वेळेचं गणित आपल्या सणांत बसवलेलं बरं. साध्या पदराची, अंगावर तुरळक बुट्टी असलेली साडी महिन्याभरात होते. भरगच्च पदर आणि अंगभर नक्षी असेल तर सहा महिने ते वर्षही लागतं. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) लगनसराईत भारी पैठणी हवी असेल तर श्रावणात कानबाईच्या रोटांचा हात धुतला की येवल्याची वाट धरावी. फाल्गुनात जाऊन 'लग्न आहे हो' म्हणणाऱ्यांना तयार मालातलंच घ्यावं लागतं. पदर सुरू झाला की एकदा फोटो मागवा. तिथवर बदल शक्य असतो, पदर पूर्ण झाला की नाही.

पैठणीचा घागरा करायची हौस असेल तर मुंबईत पाहिलेला तो मुद्दा इथे आठवा. कळ्यांचा घागरा कापला की प्रत्येक कळी वर अरुंद, खाली रुंद आणि खालची कड किंचित गोलाईत येते. विणलेला काठ मात्र सरळ असतो. तो कळ्यांवर नेला की प्रत्येक जोडावर तुटतो, मोराची मान एका कळीत आणि पिसारा दुसरीत. म्हणून कापड आडवं धरायचं: काठ खाली घेराला, पन्ह्याची बाजू उंचीला, आणि कमरेला चुण्या किंवा प्लेट्स. 46 इंच पन्ह्यातून 40-42 इंचांची उंची सहज निघते. घेरासाठी सलग पाच-सहा मीटर लागतं, म्हणजे साडीचंच कापड पुरतं. पदर वेगळा काढून ओढणीला लावता येतो. पण दोन्ही काठ सारखे असले तर कमरेकडचा काठ कापला जातो आणि त्याचे पैसे आपण भरलेले असतात. तेव्हा घागरा करायचा हे आधी सांगून एकाच बाजूला मोठा काठ विणून घेतलेला स्वस्त पडतो.

महेश्वरचं काम त्यामानाने सोपं. धुळ्याहून शिरपूर, बिजासनी घाट, सेंधवा, खलघाटला नर्मदा ओलांडून धामणोदला वळायचं. चारेक तास. अहिल्याबाई होळकरांनी या गावात विणकर आणून वसवले. तिथल्या काठांवर घाटाच्या लाटा आणि किल्ल्यावरची नक्षी आजही दिसते. 1978 मध्ये सुरू झालेल्या रेहवा सोसायटीने हे माग पुन्हा उभे केले. रेशमी ताणा आणि सुती बाणा असलेली महेश्वरी हलकी असते, आणि जळगावच्या 44-45 अंशांत दुपारच्या लग्नाला खरं तर तीच नेसावी. भारी पैठणी रात्रीच्या स्वागताला ठेवा. घामाने रेशीमही खराब होतं आणि माणूसही. मीटरवर घेतलेलं महेश्वरी कापड शिवायला टाकण्याआधी एकदा थंड पाण्यातून काढून सावलीत वाळवा. सुती बाणा पहिल्या पाण्यात आटतो. तयार कुर्त्यात आटला तर बाह्या मनगटावर चढतात.

टेलरकडे दोन गोष्टी तोंडी नाही, चिठ्ठीवर लिहून द्याव्यात. मुनियाचा काठ बाहीला लावताना पोपटांचे पाय खाली. एकदा सांगायचं राहिलं तर दंडावर पोपट उलटे टांगलेले आले, आणि जरीचं कापड उसवलं की टाक्यांची भोकं दिसतात, म्हणून ते तसेच राहिले. आणि ब्लाउजपीसला दोन सारखे काठ असतील तर एक बाही एका काठाची, दुसरी दुसऱ्या काठाची कापायची. म्हणजे दोन्हीकडचे पक्षी समोर बघतात. फॉल सुती घेऊन आदल्या रात्री पाण्यात बुडवा, वाळवून इस्त्री करा, मगच लावायला द्या, तोही हातशिलाईने. कोरा फॉल लावला की नंतर आटतो आणि पुढच्या निऱ्यांशी काठ चुरगळल्यासारखा होतो. येवल्यात फॉलचे आगाऊ पैसे घेऊन लावून देणारे असतात. तिथे घाईत कोराच लावतात, म्हणून मी साडी तशीच घरी आणते.

घरी आल्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीतून काढून धुतलेल्या मलमलमध्ये गुंडाळा. डांबरगोळी जरीला लागू देऊ नका, अत्तर नेसण्याआधी अंगाला लावा, साडीला नाही. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या रेषेवर घाला, नाहीतर जर नेमकी घडीवरच तुटते. पावसाळा संपला की एखादी दुपार सावलीत वारा द्यावा, पावतीला स्टेपल केलेल्या धाग्याशी रंग ताडून पाहावा, आणि जरीची बाजू आत घेऊन पुन्हा ठेवावी.