दोन डोळ्यांवर छाटा, म्हणे!

हिम्रॉड द्राक्षाचं रोप लावून पाच वर्षं झाली आणि पहिला घड हाती लागला तो यंदा. यातली दोन वर्षं रोपाला लटकवलेल्या एका चिठ्ठीने खाल्ली. तीवर इतकंच छापलं होतं: 'बिनबियांचं, थंडी सोसणारं. हिवाळ्यात प्रत्येक काडी दोन डोळ्यांवर छाटा.' डोळा म्हणजे काडीवरची कळी, जिच्यातून नवा कोंब फुटतो. बुडाकडच्या अशा दोन ठेवून बाकी काडी कापायची.

लावणीत सांगण्यासारखं काही नाही. दिवसभर ऊन, पाणी न साचणारी जमीन आणि वेलीचं वजन पेलेल अशी तार, एवढं असलं की झालं. पहिली दोन वर्षं खोड आणि ओलांडे, म्हणजे खोडाला फुटलेल्या तारेवरच्या मुख्य फांद्या, तयार होण्यात गेली. ती मी शांतपणे काढली.

तिसऱ्या वर्षी हिवाळा संपता संपता चिठ्ठीबरहुकूम छाटणी केली. वेल दणकून फुटली, पण नुसती पानं आणि बाळ्या, म्हणजे आधाराला गुंडाळणारे तणावे. घड एकही नाही. खत कमी पडलं असेल म्हणून मीच भरपूर नत्र घातलं. ते आणखी अंगाशी आलं. शरद सरत आला तरी शेंडे हिरवेगार वाढतच राहिले, काड्या पिकल्याच नाहीत आणि हिवाळ्यात निम्म्या काळ्या पडल्या. थंडी सोसते ती पिकलेली, तपकिरी काडी. हिरवी काडी सोसत नाही, मग जात कितीही काटक असो.

चौथ्या वर्षी पुन्हा दोन डोळे, पुन्हा बाळ्या. रोप विकणाऱ्यांना विचारलं तर म्हणाले, "वेल अजून लहान आहे, थांबा." थांबले. नाहीतरी दुसरं करण्यासारखं काय होतं?

मग एकदाची चिडून या जातीचं मूळ शोधत बसले. १९५२ साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या जिनिव्हा केंद्राने ती प्रसारित केली. आई ऑन्टारिओ नावाची द्राक्षाची जात, बाप थॉमसन सीडलेस. बापाकडून बिनबियांचा गुण आला, तशी एक खोडही आली: काडीच्या बुडाजवळचे डोळे बहुधा वांझ, घड देणारे डोळे पुढे. शिवाय घड डोळ्यात धरतो तो आदल्या उन्हाळ्यातच. म्हणजे वर्षभर वेलीने तयार केलेले घड मी दर हिवाळ्यात इमानेइतबारे कापून ढिगात टाकत होते! काही जातींना दोन डोळे चालतात, पण मग ते त्या जातींच्याच चिठ्ठीवर लिहा ना.

गेल्या हिवाळ्याअखेर चार काड्या बारा-बारा डोळ्यांच्या राखल्या. चारही मागच्याच हंगामातल्या, तपकिरी, पेन्सिलीएवढ्या जाड, उन्हात वाढलेल्या. सावलीत वाढलेली काडी जाड दिसली तरी भरवशाची नाही. खोडाजवळ चार खुंट मात्र दोन डोळ्यांवर ठेवले, पुढच्या वर्षीच्या काड्यांसाठी. बाकी सगळं कापलं, म्हणजे जवळजवळ नव्वद टक्के. कापताना हात थरथरतो, तरी कापा. दुसऱ्या दिवशी कापांतून थेंब थेंब पाणी गळायला लागलं आणि माझा जीव खालीवर झाला. ते गळणं निरुपद्रवी असतं. त्यावर काही फासू नका, आपोआप थांबतं.

कापण्याआधी दोन-चार डोळे ब्लेडने आडवे चिरून पाहा, हे मघाशीच सांगायला हवं होतं. आत हिरवं दिसलं तर जिवंत, काळपट दिसलं तर मेलेला. बरेच मेलेले निघाले तर काड्या जास्त राखा. वसंतातल्या उशिराच्या हिमाची भीती असेल तरी दोन काड्या जादा ठेवून हिम टळल्यावर कापा. एका डोळ्यात मुख्य अंकुराखेरीज राखीव अंकुरही असतात. मुख्य गेला तर राखीव फुटतो, पण घड कमी देतो.

यंदा सतरा घड आले. तीन पक्ष्यांनी नेले, कारण जाळी उशिरा घातली. मणी मऊ पडायला लागले की लगेच घाला. तोडण्याची घाई करू नका, द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही. चव घ्यायची ती घडाच्या टोकाच्या मण्याची, तो सगळ्यांत शेवटी गोड होतो. मणी बाजारातल्याएवढे टपोरे होत नाहीत. तिथे जिबरेलिक आम्ल हे वाढीचं संजीवक वापरून ते फुगवलेले असतात. मी वापरलं नाही. चव झकास आहे, दाताखाली एखादा बियांचा मऊ अवशेष येतो इतकंच.

तुमच्याकडे पारा उणे तीसपर्यंत उतरत असेल तर हिम्रॉडच्या नादी लागू नका. अमेरिकेतले द्राक्षपैदासकार एल्मर स्वेन्सन यांनी पैदास केलेलं सॉमरसेट सीडलेस बघा.

आणि हो, भुरी, म्हणजे पानांवर नि मण्यांवर पांढरी भुकटी आणणारा बुरशीचा रोग. घडांभोवती वारा खेळता ठेवला तर ती कमी येते, म्हणून तिथली पानं काढतात. पण ती सकाळच्या उन्हाच्या बाजूची काढा. मी पश्चिमेकडची काढली आणि दोन घडांचे मणी दुपारच्या उन्हाने भाजून निघाले.