मिक्स फुटबॉल लीग, कोल्हापूर: नियमांचा कागद पाचव्यांदा बदलला

मागच्या नोंदीला तीन महिने होऊन गेले. मधे पाऊस होता, टर्फवर पाणी साचून दोन रविवार गेले, एक गौरी-गणपतीत गेला, त्यामुळं खेळाचं सांगण्यासारखं थोडंच आहे पण नियमांचं लई साठलंय. आधीचं वाचलं नसेल तर थोडक्यात, चार टीम, एकेकीत दहा-अकराजण, बाया-पुरुष एकत्र, वय २२ ते ४९, सात-सातचा खेळ, २५ मिनिटांचे दोन हाफ, रविवारी सकाळी सहा ते आठ, दोन मॅच आणि घरी. बिब (टीम ओळखायला शर्टावरनं घालायचं बिनबाह्यांचं जाकीट) तांबडी, पांढरी, निळी, हिरवी. तांबडा-पांढरा कुणी मुद्दाम केला नाही, टेलरकडं तेवढंच कापड शिल्लक होतं. मी निळीत, लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूला बचावाला. आणि मी बाई आहे, पण कोल्हापूरची आहे, त्यामुळं "मी गेलो, मी आलो" असंच येणार, पुण्याच्या माझ्या जावेला अजून त्याची सवय झालेली नाही.

कोल्हापुरात कुणाला फुटबॉलचे नियम लिहून द्यायचे म्हणजे आधी जरा लाजच वाटते. इथं शाहू स्टेडियमला मॅच असली की पायऱ्यांवर बसलेला प्रत्येकजण पंच असतो आणि मैदानातला पंच सोडून सगळ्यांना नियम पाठ असतात. आमच्यातले निम्मे पुरुष लहानपणापासून पाटाकडील, प्रॅक्टिस, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, बालगोपाल ह्यातल्या कुठल्यातरी फुटबॉल टीमच्या नावावर भांडत वाढलेले. म्हणून कागदावरचा अगदी पहिला नियम खेळाचा नाहीच आहे, टीम चिठ्ठ्या टाकून पाडायच्या, पेठेवर नाही आणि तालमीवर तर नाहीच. हा नियम पहिल्या दिवसापासून एकदाही बदलला नाही. शिवाजी पेठेतला आणि मंगळवार पेठेतला एकाच बिबमध्ये आला की दोघंबी पंधरा मिनिटं एकमेकाला पास देत नाहीत, मग एक गोल खाल्ला की देतात.

बाकीचं सगळं मात्र बदलत गेलं, आणि जास्त करून एकाच गोष्टीवरून. बायका खेळात आहेत म्हणजे नक्की काय?

आवृत्ती १ मध्ये एवढंच होतं, सातपैकी किमान तीन बायका मैदानात पाहिजेत. झालं काय, सगळ्या टीमनी एक बाई गोलमध्ये उभारली, दोघी दोन्ही कडेला, आणि मधे चार पुरुषांनी आपली मॅच खेळली. मी एका हाफमध्ये बॉलला चारदा पाय लावला, त्यातला एकदा बॉल बाहेर गेलेला आणून द्यायला. कागदाप्रमाणं सगळं बरोबर होतं.

आवृत्ती २, बाईनं गोल केला तर दोन धरायचे. हे बऱ्याच ठिकाणी असतं असं आमच्या एका इंजिनियर भावानं सांगितलं, तो बाहेरदेशी असल्या लीगमध्ये खेळून आलाय. ऐकायला बरं वाटलं. मग पांढरीबरोबरच्या मॅचला कॉर्नर आला, मी पोस्टजवळ उगंच उभारलो होतो, कुणाचातरी शॉट माझ्या गुडघ्याला लागून आत गेला. मी बघतबी नव्हतो. त्यांचे दोन गोल, आमचेबी दोनच, पण निकाल ३-२ आणि आम्ही जिंकलो. माझ्या टीमनं मला उचललं, पांढरीची कॅप्टन कमरेवर हात ठेवून हसत होती, आणि मला आयुष्यातला पहिला गोल असून कुणाचीतरी भाजी उचलून आणल्यासारखं वाटत होतं. पुढच्या रविवारी तर कहर झाला, पांढरीच्या बॅकला खेळणाऱ्या ताईनं चुकून स्वतःच्याच गोलमध्ये बॉल घातला आणि समोरचे म्हणायला लागले, बाईचा गोल, दोन धरा. ह्यावर पाऊण तास चर्चा, नंतर ग्रुपवर दोन आठवडे चर्चा, एकानं तर आकृती काढून टाकली. नियम गेला. गोल तो गोल. तसं मोठ्यांनीबी असले प्रयोग केलेत म्हणा, १९९१ साली चीनमध्ये बायकांचा पहिला वर्ल्ड कप झाला तेव्हा मॅच ९० नाही, ८० मिनिटांच्या ठेवल्या होत्या, पुढच्या वर्ल्ड कपला गुपचूप ९० केल्या.

आवृत्ती ३, गोल करायच्या आधी समोरच्या हाफमध्ये बॉल एकदा तरी बाईच्या पायाला लागला पाहिजे. हा सगळ्यात वाईट. पुरुष बॉल घेऊन यायचा, थांबायचा, "ताई, लाव पाय", ताईनं पाय लावायचा, बॉल परत. देवळात घंटा वाजवून पुढं जावं तसं. दोन रविवारात बंद.

आता जे टिकलंय ते असं. गोलकीपर धरायचा नाही, ती बाई असो की पुरुष, बाकी सहात किमान तीन बायका. कमी आल्या तर तेवढ्या जागा रिकाम्या, बदली पुरुष घालायचा नाही. एवढंच. पण ह्यातली दुसरी ओळ बघा काय करते ते. जूनमध्ये हिरवीच्या दोघीच आल्या, कीपर धरून सहाजण सातांविरुद्ध खेळले, ५-१ नं मार खाल्ला. पुढच्या रविवारी हिरवीत पाचजणी. कॅप्टननं स्वतःच्या वहिनीला उठवून आणलं होतं, ती आता त्यांची सगळ्यात पळणारी प्लेयर आहे आणि कॅप्टनलाच ओरडत असते. शनिवारी रात्री पुरुष फोन करतात, "ताई उद्या नक्की ना?" एकजण तर आमच्या विंगरच्या तीन वर्षांच्या पोराला बेंचवर बिस्किट चारत बसतो, कारण ती आली नाही तर टीम एकानं कमी पडणार हे त्याला हिशोबानं कळलंय. आणि सहातल्या तीन म्हटल्यावर मधे बाई येतेच, तिला चुकवून पास द्यायचा तर बॉल टर्फच्या जाळीवरनं न्यावा लागंल.

सरकत येऊन पाय घालणं सगळ्यांना बंद. खांद्यानं ढकलणंबी सगळ्यांना बंद. आधी लिहिलं होतं "पुरुषांनी बायकांना धक्का देऊ नये", त्यावर कीपरकाकू (वय ४९, आमच्यातली सगळ्यात थोरली) म्हणाल्या, मग मी दिला तर चालतंय काय? आणि त्या देतात. ओल्या टर्फवर सरकलं की गुडघ्याची साल निघते ती वेगळीच, बाई-पुरुष बघत नाही.

बॉलचं हे बऱ्याचजणांना उपयोगी पडंल म्हणून नीट लिहितो. आमचा साइज ५ चा बॉल, घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, वजन ४१० ते ४५० ग्रॅम, नियमातला. हवा किती भरायची ह्याची रेंज मात्र लई मोठी आहे, ०.६ ते १.१ ॲटमॉस्फियर, म्हणजे साधारण ८.५ ते १५.६ पीएसआय. आमचा बॉल सायकलच्या दुकानातनं भरून यायचा आणि तो माणूस प्रेमानं दगड करून द्यायचा. तसला बॉल एका मुलीच्या छातीवर बसला आणि ती दहा मिनिटं खाली बसली, पुढच्या दोन रविवारी आलीच नाही. आता हवा मोजायचं घड्याळ असलेला छोटा पंप घेतलाय आणि ९ पीएसआय ठरलंय. नियमाच्या आतच आहे, फक्त खालच्या टोकाला. ह्या एका गोष्टीनं जेवढा फरक पडला तेवढा बाकी सगळ्या कलमांनी मिळून पडला नाही असं माझं मत आहे. पायानं ओढून घेताना बॉल ऐकतो.

त्याच प्रसंगातनं हँडबॉलचं कलम आलं. फ्रीकिकच्या भिंतीत किंवा जवळनं शॉट आला तर दोन्ही हात छातीवर घट्ट चिकटवून धरले असतील तर हँडबॉल नाही, बाई असो की पुरुष. हात अंगापासून सुटला, किंवा हातानं बॉल ढकलला, की हँडबॉल. पुरुषांना ही सवलत कशाला असं एकानं विचारलं, त्याला पुढच्याच मॅचला भिंतीत उभा केला, त्यानं हात भलतीकडंच धरले, तेबी चालतंय असं मग कागदात घातलं.

दागिने. फुटबॉलच्या मूळ नियमपुस्तकातला चौथा नियम स्पष्ट आहे, कुठलाच दागिना नको, आणि वरनं चिकटपट्टी लावून झाकणंबी चालत नाही. लिहायला सोपं. पहिल्या रविवारी मी मंगळसूत्र काढून हातात धरून उभारलो, ठेवायचं कुठं? खिसा नाही, बॅग बेंचवर उघडी, आणि शेजारी आणखी सहाजणी तशाच मुठी आवळून. काकूंनी पिशवीतनं भडंगाचा स्टीलचा डबा काढला, उरलेला भडंग पेपरवर ओतला, आणि सगळ्यांची डोरली, पाटल्या, कानातली एकेका रुमालाच्या गाठीत बांधून त्यात. डबा बसलेल्या टीमच्या पंचाच्या पायाशी. अजून तीच पद्धत आहे, डब्याला शेंगदाण्याचा वास आहे आणि माझ्या मंगळसूत्रालाबी. जोडवी बुटात जातात म्हणून सोडली. चमकी काही जणींची निघतच नाही, सोनाराकडं जावं लागतंय, तिथं आम्ही पट्टी चालवून घेतो, नियमात बसत नाही हे माहीत आहे. पण खरी गंमत ही की सगळी चर्चा बायकांच्या दागिन्यांवर झाली आणि भुवई फुटली ती एका भावाच्या हातातल्या कड्यानं. कडं डब्यात मावत नाही, त्याला सांगितलंय घरी ठेवून ये.

बाकीचं पटापट. ऑफसाइड नाही. गोलपाशी तळ ठोकून बसणाऱ्यासाठी रेघ मारून बघितली, कुणी पाळली नाही, सोडून दिलं. थ्रोऐवजी फुटसालसारखं (छोट्या कोर्टवरचा पाच-पाचचा फुटबॉल) पायानं किक-इन, चार सेकंदात, कारण हातानं थ्रो कधीच टाकला नव्हता अशा आठजणी होत्या आणि प्रत्येक थ्रो फाऊल निघायचा. बदली कितीबी, बाहेर गेलेला परत येऊ शकतो. शिनगार्ड (नडगीवरचं कवच) पाहिजेच. कीपरनं बॉल हातात आठ सेकंदांच्या वर धरला तर समोरच्यांना कॉर्नर, हा २०२५ च्या जुलैपासूनचा नवा नियम आम्ही मुद्दाम घेतला, पंचानं शेवटची पाच सेकंदं हात वर करून मोजायची असतात, आमच्यात बेंचवरनं सगळी पोरं तालात मोजतात आणि काकूंचे हात थरथरतात.

शिव्या. आता हा विषय कोल्हापुरात काढायचा म्हणजे अवघड, इथं शिवी हा स्वल्पविराम आहे. पिवळ्या कार्डाऐवजी पाच मिनिटं बाहेर असं ठेवलंय, हौशी फुटबॉलला एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के बाहेर बसवायची मुभा आहे, आमच्या ५० मिनिटांत ती पाचपासून सुरू होते. पंचाला किंवा समोरच्याला शिवी दिली की पाच मिनिटं, टीम तेवढा वेळ एकानं कमी. स्वतःला दिली तर माफ. त्यामुळं आता मोकळा गोल चुकला की माणूस आधी स्वतःचं पूर्ण नाव घेतो, आडनावासकट, आणि मग सुरू होतो. आत्तापर्यंत सहावेळा लोक बाहेर बसले, त्यातल्या दोन बायका, त्यातली एक मी. काय म्हटलो ते इथं लिहीत नाही.

सगळा कागद आता दीड पान झालाय, मधे एकदा चार पानं झाली होती आणि कुणी वाचत नव्हतं. लॅमिनेट करून जाळीला टांगलाय.

दुसऱ्या सीझनच्या १२ पैकी ८ मॅच झाल्या. तांबडी पुढं आहे, आम्ही तिसरे. माझे ह्या सीझनला दोन गोल, दोन्ही पायानं, दोन्ही बघून. लेफ्ट फूट अजून फक्त उभारायला आहे, रोज संध्याकाळी गल्लीच्या भिंतीवर पन्नास वेळा मारतो, शेजारचे आजोबा मोजतात आणि चुकीचं मोजतात.

एक प्रश्न लटकलेला आहे, बघा कुणाच्यात सुटलाय का. बाहेर बसवलेली बाई असली तर तीनचा नियम त्या पाच मिनिटांत दोनवर आणायचा, की एक पुरुषबी उठवून बदली बाई आत घ्यायची? पुढच्या रविवारी हिरवी-तांबडी मॅचला मीच पंच आहे, आणि हिरवीच्या वहिनीचं तोंड बघता हा प्रश्न पहिल्या हाफमध्येच येणार. शिट्टीबी हरवलीय, महाद्वार रोडला जाऊन आणायला पाहिजे.