सिंगापूरचं भलंमोठं जहाज की मुंबईचं जुनं? नागपूरकरांची लक्षद्वीपवारी

झिरो माईलच्या गावाला कुठलाच समुद्र जवळचा नाही. क्रूझचा विषय निघाला की आमच्याकडे आधी बंदरापर्यंत पोचायचं कसं यावर खल होतो, जहाजाची पाळी नंतर येते. यंदा दोन कंपन्या समोर होत्या. एक रॉयल कॅरिबियन, सिंगापूरहून निघून मलेशियातलं पेनांग आणि थायलंडमधलं फुकेत करून परत सिंगापूर. दुसरी कॉर्डेलिया, मुंबईहून लक्षद्वीप, गोवा आणि परत मुंबई. नारळ, प्रवाळ, हिरवट निळं पाणी आणि घामाच्या धारा दोन्हीकडे.

माझी धाकटी नणंद सिंगापूरची सफर करून आलेली होती, ‘अँथम ऑफ द सीज’ या जहाजावर. धरमपेठेत आमच्या घरी बसून तिनं फोनवरचा एकेक फोटो दाखवला. क्रेनसारख्या हाताच्या टोकाला बसवलेली काचेची खोली, जी माणसांना समुद्राच्या वर नव्वदेक मीटर उचलून नेते. हवेच्या झोतावर तरंगायची उभी नळी. ग्लासात दारू मिसळून देणारे रोबोचे हात. खिडकी नसलेल्या खोलीत भिंतीएवढा पडदा आणि त्यावर बाहेरचा समुद्र थेट. माझा पोरगा तिथल्या तिथे फितूर झाला.

“वहिनी, विचार कायले करून राहिल्या एवढा? डोळे मिटून बुक करा,” नणंद म्हणाली.

सासूबाईंनी काचेच्या खोलीचा फोटो चष्मा वर करून पाहिला. “एवढं वर कायले जायचं बाप्पा? पाणी तर खाली आहे ना!”

पुढचे कितीतरी दिवस आम्ही आकड्यांचा कीस पाडत होतो, पण मुद्दा आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, तिथेच सांगून टाकला होता.

तरी आकडे सांगते, कारण ते कुणी एका जागी सांगत नाही. ‘अँथम’ 2015 चं, सुमारे 348 मीटर लांब, 1,68,000 टनांच्या पुढचं. एका वेळी चार हजारांवर प्रवासी. कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ 1990 चं, लांबी 211 मीटर, 48,563 टन, प्रवासी दोन हजारांच्या आत. गंमत म्हणजे हे जहाज मुळात रॉयल कॅरिबियनचंच. फ्रान्समधल्या सेंत-नाझेरच्या गोदीत बांधलं गेलं तेव्हा त्याचं नाव ‘नॉर्डिक एम्प्रेस’ होतं आणि ते मायामीहून बहामा बेटांच्या तीन-चार रात्रींच्या छोट्या फेऱ्यांसाठीच आखलेलं. मधे ते एका स्पॅनिश कंपनीकडे गेलं, परत आलं, आणि 2021 पासून कॉर्डेलियाच्या नावानं आपल्या किनाऱ्यावर फिरतंय. म्हणजे एका अर्थी आम्ही एकाच घरातल्या दोन जहाजांमधून निवडत होतो, फक्त मधे पंचवीस वर्षांचं अंतर होतं.

जुन्या जहाजाचा तोटा त्याच्या खोल्यांच्या नकाशावरच दिसतो. बाल्कनीच्या खोल्या मोजक्या, बाकी खिडकीच्या किंवा आतल्या. नव्या जहाजात बहुतेक खोल्यांना बाल्कनी. नवऱ्याचं मन इथे सिंगापूरकडे झुकलं होतं.

मग पैसे. जाहिरातीत असतं ते खोलीचं भाडं, आणि तेही दोघं एका खोलीत धरून. त्यावर बंदराचे कर, सेवाशुल्क म्हणजे सक्तीची टिप, पेयं, इंटरनेट, बेटावरच्या सहली. रॉयल कॅरिबियनची टिप आम्ही पाहिली तेव्हा साध्या खोलीला माणशी दिवसाला 18.50 डॉलर होती. चौघांच्या कुटुंबाला हा आकडा रोजचा गुणून पाहा. नागपूरच्या बर्डी बाजारातल्या एका एजंटानं दिलेल्या कागदावर हे काहीच नव्हतं. विचारल्यावर म्हणाला, “ते तर जहाजावरच भरायचं असते मॅडम, त्याचं काय!” त्याचंच तर आहे. शिवाय परदेशी पॅकेजवर टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापतात. विवरणपत्र भरताना तो वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात.

कागदपत्रांचाही वेगळा हिशेब. सिंगापूरचा व्हिसा, तोही जहाजावरून परतताना पुन्हा आत शिरता येईल असा. मग सिंगापूर, मलेशिया, थायलंड या तिघांचे ऑनलाइन आगमन फॉर्म. सासूबाईंकडे पासपोर्टच नव्हता. लक्षद्वीप भारतात असलं तरी तिथे पाऊल ठेवायला परवाना लागतो, 1967 पासूनचा नियम आहे. जहाजानं जाणाऱ्यांचं ते काम बुकिंगबरोबरच होतं. आपण ओळखपत्र द्यायचं आणि फॉर्म भरायचा.

आणि बंदर. नागपूरहून सिंगापूरला थेट विमान नाही. मुंबई किंवा दिल्लीला उतरा, रात्र काढा, पुढचं विमान पकडा, आणि विमान चुकलं तर जहाज थांबत नाही, म्हणून एक दिवस आधीच पोचा. म्हणजे हॉटेल आलं. उलट दुरांतो रात्री नागपूर सोडते आणि सकाळी सीएसएमटीला उतरवते. बॅलार्ड पिअरचं क्रूझ टर्मिनल तिथून टॅक्सीनं जेमतेम दहा मिनिटं. हे पाहिल्यावर नवऱ्यानं बाल्कनीचा हट्ट सोडला. पोरानं दोन दिवस तोंड फुगवलं.

खोली निवडताना मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. जहाज लहान असलं की डुलतं जास्त. टोकाच्या आणि वरच्या मजल्यावरच्या खोल्यांना झोका मोठा बसतो, मध्यावर आणि खाली सगळ्यांत कमी. म्हणून खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मधोमध असलेली खिडकीची खोली घेतली. खोलीच्या वर आणि खाली काय आहे तेही नकाशात पाहावं. नाचाच्या हॉलखाली झोपणाऱ्याला स्वस्त भाडं फार महाग पडतं. बरोबर अवोमिनची पाकिटं आणि आईंचा आलेपाक. काम कुठल्यानं केलं ते सांगता येत नाही, कारण त्या दोन्ही घेत होत्या.

टर्मिनलवर सामान स्कॅन होऊन निघून जातं, ते थेट खोलीच्या दारात भेटतं. जहाज सुटण्याआधी सगळ्यांना सुरक्षेची कवायत करावी लागते: आपली जागा कुठली, जीवरक्षक जाकीट कसं घालायचं. 2012 साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ कलंडलं, त्यानंतर ही कवायत निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यायचा नियम झाला. लोक तिथेही सेल्फी काढत होते.

मुंबई बंदरातून बाहेर पडताना मी डेकवरून हलले नाही. मला सगळ्यांत आवडलेला प्रकार कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता. मोठं जहाज बंदराबाहेर काढायला बंदराचाच एक पायलट वर येतो, कारण खडक कुठे, गाळ कुठे हे त्यालाच पक्कं ठाऊक. बाहेर आल्यावर त्याला परत जायचं असतं, आणि जहाज काही त्याच्यासाठी थांबत नाही. एक छोटी बोट येऊन जहाजाच्या कुशीला चिकटून धावू लागते, बाजूनं दोराची शिडी सोडतात, आणि तो माणूस चालत्या जहाजावरून चालत्या बोटीत उतरतो. आमचा पायलट उतरला, एकदा वर पाहून हात केला आणि बोट वळली. आई म्हणाल्या, “याच्या बायकोले ठाऊक असंल का, हा काय काम करते?” पलीकडे कुलाब्याच्या टोकावरचं प्राँग्जचं दीपगृह दिसत होतं, 1875 चं. त्याच्या पुढे फक्त पाणी.

जहाजावरच्या दिवसांबद्दल थोडक्यात. खाणं भरपूर, शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय, आणि आजूबाजूला निम्मी गुजराती कुटुंबं. पोह्यांवर तर्री नव्हती, हे पोरानं रोज सकाळी नव्यानं सांगितलं. संध्याकाळचे नाचगाण्याचे कार्यक्रम आमच्या आईंना आवडले, मला कर्कश वाटले. लिफ्टसमोर जेवणाच्या वेळी गर्दी व्हायची, पण मजले मोजकेच, त्यामुळे जिन्यानं जाता येतं. आणि पाणी खरोखरच जवळ आहे. खालच्या डेकवर कठड्याला टेकून उभं राहिलं की उडणारे मासे दिसतात. लाटेतून चांदीचा तुकडा उसळावा तसे निघतात, पुष्कळ अंतर तरंगत जातात आणि गडप. नणंदेला विचारलं तर तिनं उडणारा मासा पाहिलाच नव्हता. “तुम्ही कितव्या मजल्यावर होतात?” म्हटलं तर म्हणाली, “चौदाव्या!”

फोन विमान मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क असतं आणि फोन नकळत त्याला लागला तर रोमिंगचं बिल घरी आल्यावर समजतं.

आता अगत्ती, लक्षद्वीपमधलं आम्ही उतरलो ते बेट. लक्षद्वीपची 36 बेटं मिळून क्षेत्रफळ अवघं 32 चौरस किलोमीटर, वस्ती त्यांतल्या 10 बेटांवर. अगत्तीच्या भोवती प्रवाळाचं कडं आहे आणि त्याच्या आत उथळ पाणी. मोठं जहाज त्या कड्याच्या आत जाऊच शकत नाही, ते बाहेर खोल पाण्यात थांबतं. मग स्थानिक बोटी येतात आणि जहाजाच्या पोटातल्या, पाण्यालगतच्या दारातून माणसांना उतरवून घेतात.

या उतरण्यावर सगळी सफर अवलंबून असते, आणि दोन कंपन्यांची तुलना करताना कुणी हा प्रश्न विचारत नाही. पेनांगला जहाज जॉर्जटाउनच्या स्वेटनहॅम धक्क्याला लागतं. पायऱ्या उतरल्या की जुनं शहर समोर, 2008 पासून जागतिक वारशात असलेलं. समुद्र थोडा खवळलेला असला तरी तुम्ही सहसा उतरता. अगत्तीला वारा वाढला की कप्तान उतरायला नाही म्हणू शकतो, आणि कुठल्याही क्रूझ कंपनीच्या करारात तो हक्क त्याला दिलेला असतो. हा धोका पत्करायचा तर निदान हिवाळ्यात पत्करावा. पावसाळ्याच्या आगेमागे अरबी समुद्राचा भरवसा नाही.

आमच्या वेळी समुद्र शांत होता. तरी ती बोट हातभर वर-खाली होत होती. दोन नावाडी आईंच्या दंडांना धरून उभे राहिले आणि बोट लाटेवर वर आली त्या क्षणी म्हणाले, “नाऊ!” आईंनी गुडघ्यांचा विचार करायच्या आत त्या बोटीत होत्या. ज्यांच्या घरी खुर्चीशिवाय चालता न येणारं माणूस आहे त्यांनी मात्र इथे सिंगापूरच निवडावं, असं मी स्पष्ट सांगेन.

कड्यातल्या फटीतून बोट आत शिरली आणि पाण्याचा रंग एका रेषेवर बदलला. मागे शाईसारखं, पुढे फिकट हिरवं. तळाची वाळू दिसत होती, वाळूवर बोटीची सावलीही. काचेच्या तळाच्या बोटीतून पोपटमासे आणि फांद्यांसारखे प्रवाळ पाहिले. पोराला किनाऱ्यावर पांढऱ्या प्रवाळाचा एक तुकडा सापडला आणि तो त्यानं खिशात घातला. नारळ सोलत बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पाहिलं आणि मल्याळम मिसळलेल्या हिंदीत शांतपणे सांगितलं, परत ठेव बेटा, मेलेलाही न्यायचा नाही. कायदाच तसा आहे; प्रवाळाला वन्यजीव कायद्यात वाघासारखंच संरक्षण आहे. पोरानं ठेवला. मग त्या गृहस्थांनी त्याला शहाळं दिलं आणि पैसे घेतले नाहीत.

नवरा भूगोल शिकवतो, त्याला इथे रंग चढला. आपली सीताबर्डीची टेकडी ज्या काळ्या खडकाची, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. भारताचं भूपट्ट उत्तरेकडे सरकत असताना पृथ्वीच्या पोटातल्या एकाच तप्त जागेवरून गेलं. आधी दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, मग त्याच जागेनं लक्षद्वीपपासून मालदीव आणि पुढे चागोसपर्यंतची समुद्रातली डोंगररांग घातली. ती खचली, तिच्या माथ्यावर प्रवाळ वाढत गेले आणि ही बेटं झाली. ती तप्त जागा आज रियुनियन बेटाखाली आहे. “म्हणजे आपण बर्डीच्याच चुलतभावावर बसलो आहोत,” नवरा म्हणाला. पाण्यात गळ्यापर्यंत बसलेल्या आई म्हणाल्या, “मंग बर्डीवर एवढी गर्दी काहून असते, अन् इथं काहून नाही?”

लक्षद्वीपमध्ये बंगारम सोडता दारूबंदी आहे, बेटावर हॉटेलांची रांग नाही, आणि किनाऱ्यावर मिळालेले तास मोजकेच. पाण्यातले खेळ घ्यायचे असतील तर जहाजावर पहिल्याच दिवशी नोंदवावेत. आम्हाला दुपारी परतीच्या बोटीत बसवलं तेव्हा पोरगा शेवटचा निघाला. काचेच्या खोलीचं नाव त्यानं त्यानंतर काढलेलं नाही, रोबोचं मात्र अजून काढतो.

गोव्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच. जहाज मुरगाव बंदरात लागतं, तिथून पणजी तीसेक किलोमीटर. ज्यांनी गोवा पाहिलाय त्यांनी त्या दिवशी जहाजावरच थांबावं. पोहण्याचा तलाव रिकामा मिळतो.

उतरण्याच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या असतात, तेव्हा सकाळचे कपडे आणि औषधं हातातल्या पिशवीत काढून ठेवा. जहाज सकाळी मुंबईत येतं आणि परतीची दुरांतो रात्री, म्हणजे मधला अख्खा दिवस हातात असतो. सामान सीएसएमटीच्या क्लोक रूममध्ये टाकून फिरता येतं, पण कुलूप नसलेली बॅग तिथे घेत नाहीत. स्टेशनबाहेर कुलूपं मिळतात, भाव मात्र करावा लागतो.