काकुनोने मराठी लिहून बघितलं

शेवटी पायलट या जपानी कंपनीचं काकुनो हे शाईपेन घेतलंच. फाइन, म्हणजे बारीक टोकाच्या निबचं. रिव्ह्यू भरपूर वाचले होते पण सगळे इंग्रजीत लिहून बघणाऱ्यांचे, आणि मला तर दिवसभर मराठीच लिहायचं असतं, त्यामुळे खरं काय ते हातात आल्यावरच कळणार होतं.

हे पेन जपानमध्ये २०१३ साली आलं, लहान मुलांना शाईपेनची सवय लागावी म्हणून. अंग षटकोनी, त्यामुळे टेबलावरून गडगडत नाही, आणि वजनाला एकदम हलकं. क्लिप नाही, म्हणजे खिशाला लावायचं पेन नव्हे हे. निबवर एक हसरा चेहरा कोरलाय, तो आपल्याकडे बघतोय म्हणजे पेन बरोबर धरलंय. मला हे भयंकर आवडलं!

आता मुद्द्याचं. जपानी फाइन हे युरोपियन फाइनपेक्षा बारीक असतं, त्यांना कांजीच्या गिचमिडीत एवढ्याशा जागेत दहा-पंधरा रेघा बसवायच्या असतात ना. आपल्यालाही नेमकं तेच हवंय. जाड निबने ‘थ’ आणि ‘ध’ची गाठ भरून जाते, रफार आणि अनुस्वार एकमेकांत मिसळतात. काकुनोने मी मुद्दाम ‘उद्ध्वस्त’, ‘वैशिष्ट्य’, ‘सर्वांगीण’ असले शब्द एकरेघी वहीत बारीक अक्षरात लिहून बघितले, आणि ‘ष्ट्य’मधला ट अगदी सुटा दिसतोय.

दुसरी गोष्ट कुठल्याच रिव्ह्यूत नव्हती. इंग्रजी कर्सिव्हमध्ये अख्खा शब्द पेन न उचलता होतो, आपल्याकडे मात्र अक्षर काढा, उचला, काना द्या, उचला, वेलांटी, मग वर शिरोरेघ, म्हणजे निब सारखी कागदाला टेकते नि सुटते. टेकल्या टेकल्या शाई आली नाही की अक्षराचं पहिलं टोकच गायब होतं. इथे तसं एकदाही झालं नाही, आणि पूर्ण ओळ लिहून झाल्यावर शिरोरेघ सलग ओढली तरी मध्ये कुठे तुटली नाही.

निब लोण्यासारखी वगैरे नाही हं. कागद जाणवतो, थोडा खसखस आवाज येतो, आणि मला तेच बरं वाटतं कारण अक्षर ताब्यात राहतं. गुळगुळीत निबवर माझा हात पळतो आणि वेलांट्या वाकड्या होतात.

सोबत एक कार्ट्रिज, म्हणजे शाई भरलेली छोटी नळी येते. ती संपली की फेकू नका. मेडिकलमधून सिरिंज आणा, कार्ट्रिज पाण्याने धुऊन वाळवा आणि त्यात साधी कॅमलची रॉयल ब्लू भरा, मी आता तीच वापरतोय. आपल्या नेहमीच्या पातळ कागदाच्या वहीतसुद्धा शाई फुटत नाही, मागच्या पानावर किंचित दिसते पण दोन्ही बाजूंनी लिहिता येतं. फक्त पानाला पाणी लागू देऊ नका, ही शाई लगेच पसरते.

सही ठसठशीत लागत असेल तर मीडियम घ्या. पानंच्या पानं मराठी लिहायची असतील तर फाइनच.